कोपराच्या मापाचा ओटा

मैने, आधी खाली बस, आणि त्या भिंतींवरचा हात काढ. विटा मागायला आलीस ते कळलं मला. तुझ्या घरात उभा ओटा घालायचं चाललंय, गवंड्यानं विटा आणायला सांगितल्या, आणि तुला वाटलं, गुणाबाईच्या घरात दोन भिंती नुसत्याच उभ्या हायत, वर दगड नाय, खाली मांजर झोपतं, तर त्याच पाडून न्याव्यात. तुझं काय चुकलं? आळीतल्या सगळ्यांनाच तसं वाटतं. पण नाय देणार. तुला काय, खुद्द मामलेदार मागायला आला तरी नाय देणार.

तोंड पाडू नको. दगड कसा घ्यायचा ते सांगते, त्याचा तुला जास्त उपयोग. फक्त दाराकडं लक्ष ठेव. आमचे हे मिठाच्या वखारीतून यायच्या आत मला सांगून संपवायचंय.

दगड घ्यायला नवऱ्याला एकट्याला धाडू नको, हे पहिलं. पुरुषांना चकाकी दिसली की लगेच खिशात हात जातो. आमी गेलो तेव्हा दिवा जंक्शनाहून आगगाडी नुकती सुरू झालेली, आणि स्टेशनाकडच्या वखारीत दगड रांगेनं उभे करून ठेवलेले. शेटनं पांढरा संगमरवर दाखवला. हे भुलले. बोलले, "गुणे, दुधासारखा हाय बघ." मी बोलले, "दुधासारखा हाय तर नासेल पण. आपल्याकडं रोज चिंच, रोज कोकम, रोज हळद." मग शहाबादी दाखवला. मजबूत हाय, पण खरबरीत, भाकरी थापायला कामाचा नाय. शेवटी काळा कडप्पा काढला. तू पण तोच घे. पण वाजवून घे. बोटातल्या अंगठीनं हळूच वाजव. खणखणला तर अखंड, बद्द वाजला तर आत चीर हाय. आणि वरून तांब्याभर पाणी ओत. सगळा दगड वाळला आणि एकच रेघ ओली राहिली, तर समजायचं, हा तिथून जाणार. मी एकेका दगडावर पाणी ओतून वाळायची वाट बघत बसले, तर शेट चिडला. "बाई, दगड घ्यायला आलात की त्याला आंघोळ घालायला?"

मी बोलले, "शेट, पोरीसाठी घेतेय. बघूनच घेणार."

तू या आळीत लग्न होऊन नवीन आलीस, आमच्या सत्यवतीला तू बघितलं नाय. माझी एकुलती एक. लहान असताना मिठागराच्या बांधावरून पडली आणि उजवा गुडघा टम्म सुजला. वैदूनं बांबूच्या कामट्या लावून बांधला तो बांधलाच. सोडला तेव्हा पाय सरळचा सरळ राहिला. वाकायचाच नाय. चालायची पाय जरा फेकत, पण चालायची झपाझप. उभी राहायची तर दिवसभर राहील. फक्त खाली बसायचं म्हटलं की झालं! एक हात भिंतीला, एक जमिनीला, आणि तो पाय पुढं काठीसारखा ताठ. चुलीपुढं बसली की पाय चुलीच्या तोंडाशी. एकदा लुगड्याच्या काठानं पेट घेतला. मी हातानं विझवला, हे बघ, अजून डाग हाय.

त्यानंतर तिला मी चुलीपाशी बसू दिलं नाय. आता तूच सांग, आपल्यात पोर बघायला आलेले काय विचारतात? रांधते काय. आणि आमी काय सांगायचं? नाय रांधत? येतील तेवढी माणसं चहा पिऊन परत जायची. शेजारणी तोंडावर बोलायच्या, "गुणे, हिला घरातच ठेव आता." मी एकीच्या अंगावर परात फेकली होती. लागली नाय, दुर्दैव.

तेव्हा यांनी बाजारपेठेत एका डॉक्टरच्या घरात उभा ओटा बघितला. घरी आले ते नाचतच. "गुणे, बसायचं नाय तर नाय बसायचं! उभ्यानं रांधेल माझी पोर!" घरात होतं नव्हतं ते काढलं आणि ओटा घातला.

माप घ्यायला तुळशीराम गवंडी आला. हे नीट ऐक, तुझा गवंडी कोण हाय माहीत नाय, पण त्याला सांग, आपल्या मनानं उंची धरू नको. तुळशीरामनं सत्यवतीला भिंतीशी उभं केलं, कोपर दुमडायला लावलं, कोपराच्या खाली वीतभर सोडून कोळशानं रेघ मारली. पोरगी माझ्यापेक्षा बुटकी. मी बोलले, "थोडा वर घे की, मलापण उभं राहता येईल." तो बोलला, "वहिनी, ओटा एकाच माणसाच्या मापाचा असतो. कुणाच्या घालू?" तिच्या मापाचा घातला. मी त्या ओट्यापुढं उभी राहिले की माझी पाठ मोडायची. तो तिचाच होता, बाकी कुणाच्या कामाचा नाय. पाय ताठ म्हणून तिचा अंगठा भिंतीला लागायचा, तर तुळशीरामनं खाली विटा आत घेऊन पायापुरती जागा ठेवली. तीच बघ. तिथंच मांजर झोपतं.

दगड बसवताना खाली सिमेंट-वाळूचा मसाला पोटभर भरून घे, कुठं पोकळ ठेवायचं नाय. पोकळीवर पातेलं आपटलं की दगड तिथंच फुटतो. वरून ओलं गोणपाट टाक आणि मसाला घट्ट होईपर्यंत त्याला त्रास देऊ नको. सत्यवतीला इतकी घाई की दिवसातून दहादा गोणपाट उचलून बघायची.

आणि मग काय सांगू तुला! पहिल्या दिवशी स्टोव्ह पेटवून उभी राहिली, तांदळाच्या पिठाची उकड त्या दगडावर मळली, भाकऱ्या थापल्या. हात असे चालत होते तिचे! बोंबलाचं कालवण केलं. हे जेवत होते आणि रडत होते, तिखट झालंय बोलले, तिखट काय नव्हतं. दुसऱ्या दिवशी वखारीत सांगितलं, विहिरीवर सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला पण सांगितलं. "माझी पोर उभ्यानं रांधते." कुणी विचारलं नाय तरी सांगायचे.

जपायची पण तशीच. काम झालं की दगड ओल्या फडक्यानं पुसायचा, मग कोरड्या. गरम पातेलं ठेवायचं तर खाली लाकडी पाट. रविवारी खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा, म्हणजे काळाभोर राहतो. आणि आंबट सांडलं की तेव्हाच्या तेव्हा पूस, मैने, नायतर दगड पांढरा पडतो तो पडतोच. आमच्या दगडावर एकच डाग होता, गोल, वाटीएवढा. तो कधी पडला सांगते.

खाडीपल्याड, उरणच्या वाटेवरच्या एका गावातून माणसं बघायला आली. भाताची शेती, थोडं मिठागर, घर बरं. नवरा मुलगा भगवान, मान खाली घालून बसणारा. त्याचा बाप दादू पाटील, बोलायला गोड माणूस. आणि आई भीमाबाई. उंच, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सत्यवती ओट्यापाशी उभी राहून रांधत होती आणि ही माणसं बघत होती. घाईत पोरीच्या हातून कोकमाचं आंबट आगळ वाटीच्या कडेनं ओघळलं आणि वाटी दगडावर तशीच राहिली. माणसं गेल्यावर उचलली तर खाली गोल पांढरं पडलेलं. ती रडायला लागली. मी बोलले, "रडतेस काय वेडे, होकार आलाय!"

हो, होकार आला. दादू पाटील जेवून उठले आणि यांना बोलले, "काशीराम, पोरगी आम्हाला पसंत. पायाचं आमी बघितलं. उभ्यानं रांधते तर रांधू दे, आमच्याकडं भिंती मी घालतो, दगड तुमी द्या." भर बैठकीत बोलले. दुसरा दगड आणायचं बळ आमच्यात नव्हतं, आणि हे बोलले, "दुसरा कशाला? तिचा दगड तिच्याबरोबर जाईल." तुळशीरामनं पहारीनं बोट बोट मसाला सोडवून दगड काढला. अखंड निघाला. माझ्या भांड्यांच्या रुखवतात काळा दगड. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी बोलले, हसू दे.

दगड न्यायचा तर उभा न्यायचा, आडवा धरला की स्वतःच्याच वजनानं मोडतो. होडीत भाताच्या पेंढ्यावर उभा ठेवला आणि पूर्ण खाडी हे त्याला धरून बसले. पल्याड उतरताना गुडघाभर चिखल. माणसं होती हात द्यायला, पण यांनी कुणाला पुढचं टोक धरू दिलं नाय. तिथंच कंबर धरली. ती आजवर सरळ झाली नाय. वखारीत आता बसून काटा बघतात, घरी येतात भिंतीला धरत. होडीत चढणं जन्मात होणार नाय बोलतात. पण त्याचं त्यांना काय वाटत नाय. दगड पोचला ना, बस.

भिंती घातल्या दादू पाटलांनी. शब्दाला जागले. दगड बसला, बघायला गाव लोटलं. निरोप आला, तेव्हा यांनी पेढे वाटले.

आत्ता झाली त्या दिवाळीला पोरीला आणायला मी एकटीच गेले. एसटी, मग होडी, मग चिखल. फराळाचा डबा डोक्यावर. दारातून हाक मारली, "सत्या!" आतून आवाज आला, "आये, आले, आले," पण येईना. मी आत गेले.

चुलीपुढं बसली होती. खाली. जमिनीवर. एक हात मागं टेकलेला, तो पाय पुढं ताठ, चुलीच्या तोंडाशी. उठायला बघत होती आणि उठता येत नव्हतं. पोट दिसायला लागलेलं. आणि पायावर, नडगीवर, भाजल्याचे डाग. एक जुना, एक ताजा.

मी बोलले, "ओटा कुठं हाय?"

ती बोलली, "आये, आधी पाणी पी."

"ओटा कुठं हाय, सत्या?"

कोपऱ्यात दोन भिंती होत्या, त्यांच्यावर फळी टाकून भाताची कणगी ठेवलेली. दगड नव्हता. मागच्या दाराला गेले तर न्हाणीच्या बाहेर, सांडपाण्याच्या तोंडाशी, जमिनीत पुरल्यासारखा बसवलेला. त्यावर कुणीतरी मासळी साफ केलेली, खवले चिकटलेले. मला वाटलं, दुसरा असेल. दुसरा काळा दगड असेल कुठला तरी. पाणी मारलं वर. कडेला वाटीएवढा गोल पांढरा डाग.

मैने, मी दगड घेताना वाजवून घेतला होता. पाणी ओतून चीर बघितली होती. घराची चीर बघायला कुठं ओतायचा तांब्या? सांग ना. कुठं?

मग मी भांडले. सगळ्या गावानं ऐकलं असेल. भीमाबाई अंगणात आल्या. त्या ओरडल्या नायत, तेच वाईट. बोलल्या, "विहीणबाई, मी सून छळत नाय. विचारा तिला. पण माझ्या घरात रांधायची जागा रोज शेणानं सारवलेली लागते. माझ्या सासूनं सारवली, मी सारवली. गौरी आल्या तेव्हा तुमचा दगड सारवायला गेले, तर शेण धरेना. वाळलं आणि पोपडे उडून गौरीच्या नैवेद्यात पडले. जी जागा सारवत नाय तिथलं अन्न देवाला कसं दाखवू? म्हणून काढला. सणापुरता काढला होता."

"मग सण झाल्यावर?"

"सण झाल्यावर दसरा आला, मग नवान्न आलं. आमच्याकडं देव रोज जेवतो, विहीणबाई. आणि दगड नुसता पडून होता, तर मोरीला उपयोगी पडला." आणि मग बोलल्या, "आमच्या पायाला बरा पडतो. फक्त तुमची लेक त्याला तेल लावते, मग घसरायला होतं. तेवढं तिला समजावा."

मी सत्यवतीकडं बघितलं. भिंत धरून दारात उभी होती. उभी. अजून पण कशी सरळ उभी राहते माझी पोर!

"तेल लावतेस?" मी विचारलं.

बोलली, "रविवारी. खवले घासून काढते, पुसते, मग लावते. तूच सांगितलंस ना."

दादू पाटील घरात होते, बाहेर आले नायत. भगवान गोठ्याच्या दारात उभा होता, मान खाली. बोलला एवढंच, "आईपुढं माझं चालत नाय, मामी." लाज नाय वाटत, बोलले मी. वाटत असेल पण. वाटून काय उपयोग?

मी पदर खोचला. बोलले, "पहार आणा. माझा दगड मी घेऊन जाते. पोर पण नेते." आणि दोन्ही हातांनी त्या दगडाची कड धरली. उचलणार होते, मैने. कंबर गेली असती तरी उचलला असता.

सत्यवती पाय फेकत फेकत आली आणि दगडावर उभी राहिली. माझ्या हातांच्या मध्ये. बोलली, "आये, सोड. नेऊ नको."

"अगो, इथं खवले काढतात त्याच्यावर!"

"काढू दे. घासते मी. आये, या घरात चूल त्यांची, भांडी त्यांची, देव त्यांचा. हा एकच माझ्या मापाचा आलाय. हा पण नेलास तर माझं इथं काय राहील?"

मी सोडला. हात सुटलेच माझे.

मग तिथंच बसले, त्या सांडपाण्याशी, आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. रडली नाय. उलट मलाच विचारते, "घरच्या भिंती हायत ना अजून?" मी बोलले, हायत. बोलली, "पाडू नको. मी बाळंतपणाला येईन तेव्हा फळी टाकून दे. जरा उभी राहीन." आणि मग माझा हात धरून बोलली, "बाबांना सांगू नको. त्यांची कंबर गेली त्या दगडापायी."

दिवाळीला पाठवली नाय तिला, सातव्या महिन्याआधी पोटुशी बाईनं खाडी ओलांडायची नाय म्हणे. मी एकटीच परत आले. होडीत कोण काय बोललं मला आठवत नाय. हे दारात बसले होते, मी दिसल्याबरोबर भिंत धरून उठले. पोर कशी हाय ते पण विचारलं नाय आधी. विचारलं, "दगड नीट बसलाय?"

मी बोलले, "बसलाय."

"हलत नाय ना?"

"नाय हलत. पक्का बसलाय."

"कोपराला बरोबर येतो?"

मैने, या तोंडानं मी आयुष्यात कुणाला सोडलं नाय, खोटं कधी बोलले नाय. त्या दिवशी बोलले, "बरोबर येतो." चेहरा असा उजळला माणसाचा! त्या कंबरेनं ओट्यापाशी गेले, या भिंतींवर हात ठेवला आणि हसले. मी मोरीत जाऊन पाण्याचा आवाज केला आणि तोंडात पदर कोंबला.

म्हणून नाय देत विटा. कळलं आता? तिला उभं राहायचंय इथं. एवढीच जागा हाय तिला या जगात उभं राहायला, दोन भिंती आणि एक फळी. आणि तू तुझा ओटा घालशील ना, तुझ्याच कोपराला घाल. पण दगड बसवायच्या आधी सासूला विचार, नवऱ्याला विचार, देवाला विचार, हा दगड तुमाला चालेल ना. चालेल बोलले तरी परत विचार.

गप. काठी वाजली. आले.

डोळे पूस. पूस लवकर. मी बघ कशी हसते. तुला बघितलं की आधी तेच सांगतील, नव्या माणसाला सांगायला त्यांना फार आवडतं.

"अवो, ही मैना, शेजारची नवी सून. तिच्याकडं उभा ओटा घालतायत."

"असं काय? घाल पोरी, घाल! माझी पोर उभ्यानं रांधते, ठाव हाय तुला? खाडीपल्याड, सासरी! आमचाच दगड हाय. विचार हिला, ही बघून आलीय."

हो म्हण, मैने. बघतेस काय माझ्याकडं? हो म्हण त्यांना.